फळाचा सातबारा

कोकणातल्या एका शेतकी फार्मावर मी तीस वर्षं रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजलं. एकदा, फक्त एकदा, तापाने अंथरुणातून उठवेना म्हणून अंदाजाने बारा मिलिमीटर लिहून टाकलं. कुणाला कळलं नाही. मला मात्र तो आकडा अजून टोचतो. म्हणूनच आयर्लंडमधल्या ब्लॅकसॉडची मोरीन फ्लॅविन मला जवळची वाटते.

ती तिथल्या टपाल कचेरीत होती. वायुभारमापक बघून आकडे कळवणं हाही त्याच नोकरीचा भाग. ३ जून १९४४ ला, ऐन एकविसाव्या वाढदिवशी, पारा झपाट्याने उतरलेला तिला दिसला. तिने तसं कळवलं. इंग्लंडहून एका बाईचा फोन आला, आकडे पुन्हा तपासा. तिने तपासले. काही वेळाने परत तोच फोन. आपलंच काही चुकतंय का, असं पोरीला वाटायला लागलं. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांची दीड लाख माणसं कधी उतरवायची, हे त्या आकड्यांवर ठरत होतं. तिला ते कळलं १९५६ साली.

वादळाच्या अंदाजाने दोस्तांच्या सरसेनापती आयसेनहॉवरने ५ जूनची चढाई पुढे ढकलली. मग हवामान सल्लागार स्टॅगने ६ तारखेला थोडी उघडीप सांगितली आणि हुकूम सुटला. उघडीप कसली, दर्या खवळलेलाच होता, सैनिक ओकत ओकत किनाऱ्याला लागले. पण थांबले असते तर पुढची सोयीची भरती दोन आठवड्यांनी होती, आणि १९ जूनपासून असं तुफान झालं की ओमाहा किनाऱ्यावर उभारलेलं कृत्रिम बंदर मोडून पडलं. मग ती उघडीप देवानेच दिली, असं म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. त्याच आभाळातून नॉर्मंडीतल्या कां शहरावर दोस्तांचे बॉम्ब पडले आणि तिथले फ्रेंच नागरिक मेले. शिवाय समोरच्या जर्मन सैनिकांच्या पट्ट्याच्या बकलावरही ‘देव आमच्याबरोबर’ असंच कोरलेलं होतं.

देव राहू दे. फळ कुणाच्या नावावर चढवायचं? आमच्या देवळातले प्रवचनकार दर चातुर्मासात सांगतात, कर्म करावं, फळावर हक्क सांगू नये. मोरीनला हे चपखल लागू पडतं. पण दुसऱ्यांची पोरं मरणाच्या तोंडी पाठवणाऱ्याने ‘फळ माझं नाही’ म्हटलं, तर ती शुद्ध पळवाट झाली. आयसेनहॉवरने चढाईच्या आदल्या दिवशी पेन्सिलने एक चिठ्ठी लिहून ठेवली होती. उतरणं फसलं, सैन्य मागे घेतलं, सैनिकांनी शर्थ केली, दोष असेल तो माझ्या एकट्याचा. त्यातल्या एका वाक्याची आधी ‘ही मोहीम’ अशी सुरुवात केली होती, ती खोडून त्याने ‘माझा निर्णय’ केलं. मला ती खाडाखोड सगळ्या चिठ्ठीहून मोठी वाटते.

यावर प्रवचनकार म्हणाले, ही पाश्चात्त्यांची अहंता. मी त्यांना गांधारीची आठवण करून दिली. कुरुक्षेत्रावर मुलांची प्रेतं बघून तिने कृष्णाला शाप दिला, तुझंही कुळ असंच संपेल. फळाचा मोह सोडा म्हणणाऱ्याने तो शाप पदरात घेतला. प्रवचनकारांनी विषय बदलला.

चिठ्ठी वापरायची वेळ आली नाही. तिच्यावर तारीख मात्र चुकली आहे, जूनऐवजी ५ जुलै.