बास्केटचा पाठलाग

नळदुर्गच्या उपळ्या बुरुजावर बसा. पायऱ्या चढून दम लागला असेल, तो ओसरू द्या. खाली बोरी नदी, लांबवर माळरान. पुण्याचं लोहगाव इथून अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरवर. २००२ साली सुखोई-३० एमकेआय विमानं तिथे दाखल झाली. नजर आभाळाकडे न्या आणि मग सावकाश डोळे मिटा.

आता तुम्ही सुखोईच्या कॉकपिटमध्ये आहात. पुढे इल्युशिन-७८, उडत्या विमानांना इंधन देणारा हवाई दलाचा टँकर, आग्र्याच्या ७८ स्क्वाड्रनचा. ही विमानं २००३ पासून आपल्याकडे आहेत. टँकरच्या पंखाखालून लांब होज, म्हणजे इंधनाचा पाइप, मागे सोडलेला आहे आणि टोकाला फनेलच्या आकाराची बास्केट आहे. तुमच्या विमानाच्या डाव्या अंगाला, नाकाजवळ, इंधन घेण्याचा दांडा, प्रोब, बाहेर आलेला आहे. तो त्या बास्केटमध्ये बसवायचा. दोन्ही विमानं ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास चालली आहेत. तुम्ही पुढे सरकायचं ते मात्र माणसाच्या चालीने.

बास्केट हलते आहे. बघा, कशी हलते. आपल्या धाराशिवात उन्हाळ्यात टँकर विहिरीत रिकामा करताना पाइप उसळ्या मारतो, तेव्हा कुणीतरी तो दोन्ही हातांनी दाबून धरतो. १९२३ च्या जूनमध्ये सॅन दिएगोवर उडत्या विमानात पहिल्यांदा पाइपने इंधन भरलं, तेव्हाही मागच्या सीटवरच्या वैमानिकाने वरून सोडलेला पाइप हातानेच पकडला होता. इथे धरायला कुणी नाही. शिवाय तुमच्याच विमानाच्या नाकापुढची हवा शेवटच्या मीटरभरात बास्केटला बाजूला ढकलते.

साहजिकच डोळे तिच्यावर खिळतात. ती डावीकडे गेली की हात डावीकडे जातो. तोवर ती परत आलेली असते. हात उलटा फिरतो. दोन-तीन हेलकाव्यांत विमानच झुलायला लागतं, आणि हा झोका हवेने दिलेला नसतो. हवेत इंधन घ्यायला शिकण्यातला सगळ्यात अवघड भाग मला हाच वाटतो. वेग, उंची, यंत्रं हे सगळं त्यामानाने सोपं.

म्हणून मुठीकडे लक्ष द्या. स्टिक किती घट्ट धरली आहे? बोटं सैल सोडा. पायाची बोटंही बुटात आवळली असतील, तीही सोडा. श्वास पुरता बाहेर जाऊ द्या. नजर टँकरच्या पंखावर, त्याच्या पोटावर ठेवा. बास्केट डोळ्याच्या कोपऱ्यात असू द्या. तिच्यामागे काही मीटरवर थांबा. हे थांबणं जमेपर्यंत पुढे जायचं नाही.

आता थ्रॉटल किंचित पुढे. फार सावकाश गेलात तर जोड बसत नाही. घाईने गेलात तर होज ढिला पडतो, त्यात लाट उठते, आणि ती चाबकासारखी परत येऊन प्रोबचं टोक मोडू शकते. चुकलं तर सरळ मागे या. पुन्हा थांबा. श्वास.

प्रोब बसला. इंधन येऊ लागलं. विमान हळूहळू जड होतं आहे, थ्रॉटल केसभर वाढवत राहावा लागतो. भरणं चालू असताना हात पुन्हा आवळतो, पुन्हा सोडा.

टाकी भरली. त्याच चालीने सरळ मागे सरा, होज पूर्ण ताणला की जोड आपोआप सुटेल. मग बाजूला व्हा आणि जागा मोकळी करा. मागे दुसरं विमान थांबलेलं आहे.