गणवेशाचा नियम कोणावर?

राजूरचे एक निवृत्त मुख्याध्यापक परवा बोलता बोलता म्हणाले, "एकदा गणवेश अंगावर चढला की वाडीवरचं पोर कोणतं अन् पेठेतलं कोणतं, ओळखू येत नाही. म्हणून मी त्या बाबतीत कधी ढिलाई केली नाही. रंगीत कपड्यात आलं की प्रार्थनेनंतर बाजूला उभं करायचो. पुन्हा पुन्हा आलं की घरी पाठवायचो." गुरुजींनी अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात उभी हयात काढली आहे. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आज तलाठी आहेत, नर्स आहेत, शिक्षक आहेत. त्यांचं पहिलं वाक्य मला मनापासून पटलं. शेवटची दोन काही केल्या गळी उतरेनात. ज्याला कुणी वेगळं ओळखू नये म्हणून गणवेश आणला, त्यालाच सगळ्या शाळेदेखत रांगेबाहेर काढायचं?

गणवेशाच्या बाजूनं काय बोललं जातं ते सर्वांना पाठ आहे: शिस्त, एकोपा, कपड्यांवरून होणारी चढाओढ थांबते, आईबापांचा खर्च वाचतो. विरोधातलंही पाठ आहे: मुलांचं स्वातंत्र्य, साचेबंदपणा. या वादात मी नेहमी गणवेशाच्या बाजूनं बोलत आलो आणि आजही बोलेन. पण 'गणवेशाची सक्ती' म्हणताना आपण दोन निरनिराळे नियम एकत्र बांधतो. एक नियम शाळेवर पडतो: जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात मापाचे दोन जोड पडले पाहिजेत. दुसरा मुलावर पडतो: जोड अंगावर नसेल तर आत यायचं नाही. पहिला नियम देणारा आहे, दुसरा अडवणारा. पहिला मोडला तर कुणाला जाब विचारला जात नाही आणि दुसरा मोडला की आठ वर्षांचं पोर उन्हात उभं राहतं.

राजूरच्या वरच्या अंगाला, भंडारदरा-घाटघरच्या बाजूला, पावसाळ्यात दिवस काय असतो ते पाहिलं की हा फरक नीट कळतो. आठवडा आठवडा ऊन पडत नाही. शाळेतून भिजून आलेला शर्ट रात्री चुलीवरच्या आडव्या काठीवर टाकतात. सकाळी तो कोरडा नसतो, नुसता कोमट झालेला असतो, आणि त्याला धुराचा वास येतो. कॉलर अजून ओली असते, खिशाची शिवण तर ओलीच असते. दुसरा जोड असेल तर पोर तो घालून येतं. नसेल तर एकतर तो ओला शर्ट अंगावर चढवतं, नाहीतर घरातला रंगीत सदरा घालतं. ज्यांचे आईबाप नारायणगाव-आळेफाट्याकडे मजुरीला गेलेत, त्या घरी आजी असते आणि आजीच्या हातात त्या आठवड्याला पैसा असेलच असं नाही. अशा पोराला घरी पाठवून कोणती शिस्त लागते? आश्रमशाळेत तर घर शाळेतच. तिथं गणवेश नसलेल्या मुलाला परत पाठवायचं म्हटलं तर कुठं पाठवणार? तिथं कपडा ही सरळ सरकारची जबाबदारी ठरते आणि दोष मुलाच्या माथी मारायला जागाच उरत नाही. मला तीच रीत सगळ्या शाळांत हवी आहे.

कायदाही याच बाजूला झुकतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात, शिक्षण पुरं करण्याच्या आड येईल अशी फी किंवा असा खर्च मुलाला करावा लागू नये, असं म्हटलं आहे. खर्च हा शब्द तिथं फीच्या शेजारी बसलेला आहे. सोळाव्या कलमानं प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत मुलाला काढून टाकता येत नाही. सतराव्या कलमानं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. रांगेबाहेर उभं करणं यात बसतं की नाही, यावर वकील वाद घालतील. बाजूला उभ्या राहिलेल्या मुलाच्या बाबतीत माझ्या मनात वाद नाही.

आणि ज्यानं द्यायचं त्यानं काय केलं, हेही पाहावं. समग्र शिक्षा योजनेतून दोन गणवेशांसाठी मुलामागे 600 रुपये मिळतात. ते आधी सगळ्या मुलींना आणि अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना मिळत. म्हणजे एकाच बाकावरच्या दोन मुलांपैकी एकाला सरकारी जोड आणि दुसऱ्याला नाही. जो कपडा भेद झाकायला आणला, त्याच्या वाटपाची यादीच भेद वाचून दाखवत होती. उरलेल्या मुलांना राज्यानं सामावून घेतलं ते 2023-24 पासून. मग आलं 'एक राज्य एक गणवेश'. 2024-25 मध्ये आकाशी शर्ट, गडद निळी पँट, कापडाची खरेदी वरून एकत्र, शिलाई महिला बचत गटांकडे. 15 ऑगस्ट उलटला तरी कित्येक शाळांत गणवेश पोचले नव्हते. पोचले तिथं मापाची ओरड झाली: कुणाच्या बाह्या कोपराखाली, कुणाची पँट कमरेवर ठरेना. अखेर डिसेंबर 2024 मध्ये सरकारनं निर्णय फिरवला आणि 2025-26 पासून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. राज्याला कापड वेळेवर पोचवता आलं नाही, म्हणून राज्याला कुणी प्रार्थनेनंतर बाजूला उभं केलं नाही.

इथवर गुरुजी मान्य करतील. ते म्हणतील, "गरिबाला सूट द्या, मी कुठं नाही म्हणतो? पण तत्त्व बरोबर आहे ना? कपडा एक झाला की जात दिसत नाही." खरा खटका इथं आहे. गुरुजी, जात दिसत नाही? हजेरी घेताना आपण आडनाव पुकारता. दाखल्यावर जात लिहिलेली असते. भर वर्गात "आदिवासी शिष्यवृत्तीचे अर्ज ज्यांचे राहिलेत ते उभे राहा" अशी हाक येते आणि एकाच रंगाच्या शर्टांतून ठरावीक पोरं उभी राहतात. ठाकरवाडीचं पोर बोलायला लागलं की त्याची बोली वाडी सांगते. शर्टानं यातलं काय झाकलं? गणवेशानं झाकलं जातं ते एवढंच, की कुणाकडे किती कपडे आहेत. तेही थोडं नाही, गरिबाच्या घरी त्याचं मोल फार आहे. पण भेद शिक्षकाच्या तोंडी आणि वर्गाच्या डोळ्यांत असतो. तो तिथंच मोडावा लागतो.

इथं थोडं आडवळणाला जातो, कारण कपडा आणि जात यांचा विचार या महाराष्ट्रात गुरुजींच्या आणि माझ्याही आधी फार मोठ्या माणसांनी करून ठेवला आहे. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकर दलित स्त्रियांशी बोलले. लुगडं नेसण्याची जी पद्धत पाहताच माणूस अस्पृश्य म्हणून ओळखला जातो ती सोडा, जातीची खूण सांगणारे जड दागिने काढा, असं त्यांनी सांगितलं. खूण पुसा, हा त्यांचा सल्ला होता. त्याआधी चार दशकं, 2 मार्च 1888 रोजी, पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली. दागदागिन्यांनी मढलेल्या त्या मंडळींत जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले. इथं जमलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा खेड्यात उपाशी आहे, हे त्यांनी पाहुण्याला ऐकवलं. खूण अंगावर मिरवा, ही त्यांची कृती होती.

वरवर पाहता दोघे उलट दिशांना निघालेले दिसतात. मी दोघांनाही मानतो आणि दोन्ही कृती मला बरोबर वाटतात, तेव्हा त्यांच्यात समान काय ते शोधणं भाग होतं. दोन्हीकडे निर्णय त्या कपड्यात वावरणाऱ्याचा होता. महाडच्या बायकांना लुगडं बदलायला कुणी भाग पाडलं नाही, त्यांना कारण सांगितलं गेलं. जोतीरावांनी घोंगडं दारावरच्या माणसाला विचारून पांघरलं नव्हतं. खूण पुसणं चांगलं की मिरवणं चांगलं, याला एकच उत्तर नाही. ज्याची खूण त्यानं ते ठरवावं. दारात उभ्या असलेल्यानं ठरवलं की दोन्हींतला मान निघून जातो. गुरुजींच्या पहिल्या वाक्याला मी आजवर मान डोलावत आलो, त्या वाक्याचा पायाच यामुळे हलतो.

मग मुंबईचं चेंबूरचं प्रकरण टाळता येत नाही. आचार्य-मराठे महाविद्यालयानं हिजाब, बुरखा, टोपी, बॅज अशा धर्म दाखवणाऱ्या गोष्टींना मनाई केली. नऊ विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेल्या आणि 26 जून 2024 रोजी त्यांची याचिका फेटाळली गेली. पुढे तिथं जीन्स आणि टी-शर्टही बंद झाले. 9 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं हिजाब, टोपी, बॅजपुरती त्या मनाईला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात चेहरा झाकण्याला मात्र मुभा दिली नाही. सुनावणीत न्यायमूर्तींनी विचारलं की नावावरूनही धर्म कळतो, त्याचं काय करणार? राजूरच्या हजेरीपटाबद्दल मी जे म्हणतोय, तेच हे.

चेंबूरच्या त्या मुली पदवीच्या वर्गातल्या, मतदानाच्या वयाच्या. लहान शाळेचा गणवेश आणि त्यांची मनाई एका तराजूत घालू नये, असं मला सुरुवातीला वाटत होतं. वयाचा फरक खराच आहे. पण देणारा नियम आणि अडवणारा नियम या कसोटीवर चेंबूरची मनाई केवळ अडवणारी ठरते. महाविद्यालयानं त्या मुलींना काहीच दिलं नव्हतं, फक्त दारात अट घातली. आणि तीच कसोटी लावली तर आठवीतली एखादी मुलगी शाळेनं दिलेल्या गणवेशावर त्याच रंगाचा रुमाल डोक्याला बांधून आली, तिलाही परत पाठवण्याचा हक्क शाळेला उरत नाही. या टोकाला मी येईन असं वाटलं नव्हतं. पण आलोय, आणि मागं फिरण्याचं कारण मला दिसत नाही. शाळेनं पोशाख ठरवावा, तो पुरवावा, घालायला सांगावं, समजवावं. वर्गाचं दार मात्र कपड्यावरून बंद होऊ नये.

"मग नियमाला दात काय राहिले?" गुरुजी विचारतील. पोषण आहाराला तरी कुठं दात आहेत? खिचडी शिजवणं शाळेवर बंधनकारक आहे, खाणं मुलावर नाही. तरी ताटं मांडली की बहुतेक पोरं खातात. गणवेश नसलेल्या पोराला तो सगळ्यांत जास्त हवा असतो, हे गुरुजींनी माझ्यापेक्षा जवळून पाहिलं आहे. एक अपवाद मी मान्य करतो. 2022 च्या फेब्रुवारीत कर्नाटकात हिजाब घातलेल्या मुलींना खिजवायला काही विद्यार्थी भगवी उपरणी घालून आले. दुसऱ्याला हिणवायला कुणी कपडा आणला तर शाळेनं हिणवणं थांबवावं. ते कुठं सुरू होतं हे दर वेळी शिक्षकाला पाहूनच ठरवावं लागेल, परिपत्रकातून ठरणार नाही.

गणवेशाचा अधिकार आता शाळा व्यवस्थापन समितीकडे आला आहे, म्हणून बोलायचं ते तिथंच. कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. त्यांनी मे महिन्यातच गावातल्या शिंप्याला शाळेत बोलवावं. सहावी-सातवीच्या मुलींना स्कर्ट हवा की सलवार-कमीज, ते माप घेतानाच मुलींना विचारावं. भरपावसाच्या शाळांनी लवकर वाळेल असं कापड निवडावं. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या एका कपाटात वेगवेगळ्या मापांचे चार-सहा जोड धुऊन ठेवावेत. रंगीत कपड्यात आलेल्या पोराला आत नेऊन त्यातला एक द्यावा आणि तडक वर्गात बसवावं. गुरुजींना मी हे सांगितलं. कपाटाची कल्पना त्यांना आवडली. रुमालाबाबत ते अजून मानत नाहीत, आणि आमचं भांडण चालू आहे.