कॉलर कुणाची धरायची?

‘सैराट’ हा सिनेमा लागला २९ एप्रिल २०१६ला. त्याच्या नायिकेवरून, आर्चीवरून, तेव्हा सुरू झालेली वादावादी अजून मिटलेली नाही. पवनारहून वर्ध्याला कॉलेजला जाणाऱ्या मुलींत हा विषय काढून बघा. सिनेमा आला तेव्हा यातल्या कितीतरी जणी प्राथमिक शाळेत होत्या, पण बुलेटवरून येणारी, ट्रॅक्टर हाकणारी, विहिरीत मध्येच उडी टाकणाऱ्या पोराला दरडावून बाहेर काढणारी आर्ची त्यांना पाठ आहे. अशांसमोर कुणी म्हणावं, की आर्ची दिसते तेवढी बंडखोर नाही, तिचा तोरा पाटलाच्या वाड्यातून आलेला आहे, हैदराबादला गेल्यावर तो उतरतो आणि हात उचलणाऱ्या प्रियकराकडेच, परश्याकडेच, ती परत येते. की एखादी ताडकन म्हणते, ‘‘मॅडम, तुम्ही बी आमच्या आजीसारख्याच बोलता जी!’’

मॅडमना हे लागतं, आणि लागायलाच हवं. आजीचं म्हणणं असतं की पोरीनं असं वागायला नको होतं. मॅडमचं म्हणणं असतं की सिनेमानं पोरीला असं रंगवायला नको होतं. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण ऐकणाऱ्या मुलीच्या कानावर दोन्ही वेळा एकच गोष्ट पडते: चूक आर्चीची. हा गोंधळ त्या मुलीचा नाही. आपल्याकडे गोष्टीतल्या बाईवर टीका करण्याची जी रीत घडत गेली, तिच्यातच तो आहे.

सुरुवात मात्र चोख झाली होती, आणि तीही आपल्या विदर्भातून. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली छापलं गेलं. निमित्त होतं सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेला मूल मारल्याबद्दल झालेली फाशीची शिक्षा आणि त्यावरून वर्तमानपत्रांत समस्त बायकांच्या नावानं उठलेला गदारोळ. ताराबाईंनी वर्तमानपत्रांना उत्तर दिलंच, पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. ‘मंजुघोषा’सारख्या कादंबऱ्या, ‘मनोरमा’सारखं नाटक, बायकांची कपटं रंगवून सांगणाऱ्या कथा या सगळ्यांचा त्यांनी समाचार घेतला. मला यात मोलाचं वाटतं ते हे, की कथेतल्या बाईला त्यांनी शहाणपण शिकवलं नाही. तिला तसं लिहिणाऱ्या पुरुषाची त्यांनी कॉलर धरली. बायकांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण घेऊन तो पुरुषांत किती पटीनं आहे याचा हिशेबच मांडला. पुस्तक सत्यशोधकांपैकीही काहींना झोंबलं. जोतीराव फुल्यांनी १८८५च्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मृतीत गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा उजेडात आणलं. मधल्या नव्वदेक वर्षांत टीकेची दिशाच बदलून गेली होती.

या मधल्या काळात पवनार येतं. विनोबा १९३८ साली इथे धाम नदीकाठी राहायला आले आणि १९५९च्या मार्चमध्ये त्यांनी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, तेही बायकांनी चालवायचं म्हणून. पुरुषाच्या आश्रयाशिवाय बाईनं साधना करावी, तिच्या नावावर स्वतःचं ज्ञान असावं, ही त्यामागची कल्पना. इथल्या बहिणींनी शेती केली, झाडलोट केली, छापखाना चालवला, निर्णय एकमतानं घेतले. १९५९ साली एखाद्या मुलीनं लग्नच न करायचं ठरवून आयुष्य काढणं ही लहान बंडखोरी नव्हती, मग तिला कुणी अध्यात्म म्हणो.

त्याच विनोबांनी पुढच्याच वर्षी सिनेमातल्या बाईबद्दल आंदोलन उभं केलं, हे मात्र फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. १९६० साली चंबळच्या डाकूंच्या शरणागतीनंतर ते इंदूरला गेले आणि तिथे भिंतींवरची सिनेमाची पोस्टरं पाहून अस्वस्थ झाले. अशोभनीय पोस्टर हटवा, अशी मोहीम सर्वोदयाच्या कार्यकर्त्यांनी हाती घेतली. येता-जाता मुलांच्या डोळ्यांसमोर ही चित्रं टांगणं म्हणजे गृहस्थाश्रमाच्या पायावर घाव, अशी विनोबांची मांडणी होती. त्यांच्या तळमळीबद्दल शंका नाही. पण बघा, पोस्टरवरची बाई आता लाजेची गोष्ट झाली. ती झाकायची, उतरवायची. तिला कुणी, कशासाठी, कुणाच्या नजरेसाठी तसं उभं केलं, हा ताराबाईंचा सवाल मागे पडला. विनोबांना बाईचा मान राखायचा होता, आणि त्यासाठी त्यांच्याजवळ भाषा होती ती मातृत्वाची आणि मर्यादेची. आजीही नातीशी याच भाषेत बोलते.

पुढे १९७५नंतर स्त्री-चळवळ आली. मुंबई-दिल्लीच्या संघटनांनी सिनेमाच्या पोस्टरांना काळं फासलं आणि १९८६ साली स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्ध कायदा झाला. हेतू निराळा होता, बाईची वस्तू होते याला विरोध होता. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला इंदूरचा कार्यकर्ता आणि मुंबईची कार्यकर्ती यांत काय फरक दिसणार? दोघांच्याही हातून काळं झालं ते बाईचंच चित्र. कायद्याच्या नावातही शेवटी सभ्यताच आली.

चळवळीला खरी नजर दिली ती दुसऱ्याच एका प्रकरणानं, आणि तेही विदर्भातलं आहे. २६ मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं. एक आदिवासी मुलगी एका तरुणाशी लग्न करणार असते, भाऊ तिला पळवून नेल्याची तक्रार देतो, सगळ्यांना ठाण्यात बोलावलं जातं, आणि रात्री तिथेच पोलिसांकडून तिच्यावर बलात्कार होतो. हा ‘मथुरा खटला’. सत्र न्यायालयानं आरोपींना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, तेव्हा तिची संमती असणार! तिचं आधीचं प्रेमही खटल्यात तिच्याविरुद्धच गेलं. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार यांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर निदर्शनं झाली आणि १९८३ साली कायदा बदलला.

सिनेमावरच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. ‘सैराट’मधला पोलीस ठाण्याचा प्रसंग आठवा. घरून पळालेली मुलगी, घरच्यांची तक्रार, ठाणं, सगळी मांडणी तीच. परश्या आणि त्याच्या मित्रांवर बलात्काराचा आरोप लिहून तयार आहे. तिनं फक्त गप्प राहायचं आहे. आर्ची गप्प राहत नाही. ती तक्रार मोडून काढते, पोरांना सोडा म्हणून ठाणं डोक्यावर घेते. थिएटरात या प्रसंगाला शिट्ट्या पडल्या. पण देसाईगंजच्या मुलीलाही तोंड होतंच. ठाण्यात एकीचा आवाज चढतो आणि दुसरीचं न ओरडणं हीच संमती ठरते, हा फरक धीटपणाचा नव्हे. आर्चीच्या पाठीशी पाटील हे आडनाव आहे, तिच्यावर हात टाकताना शिपायालाही दहादा विचार करावा लागेल. तिचा भाऊ प्रिन्स वर्गात दलित शिक्षकाच्या कानाखाली वाजवतो आणि त्याचं काही वाकडं होत नाही. ज्या सत्तेनं हे होतं, त्याच सत्तेच्या उबेत आर्चीचा तोरा वाढलेला आहे.

म्हणजे टीकाकार मॅडमचं बरोबरच आहे? निम्मं बरोबर आहे. तोरा वाड्यातला आहे, हे खरं. पण तो खर्च कुणासाठी झाला हेही बघायला हवं. प्रिन्स तो खालच्यांना चिरडायला वापरतो. मासेमारी करणाऱ्या घरातल्या पोराला सोडवायला आर्ची तो एका दुपारी उधळून टाकते आणि मग तिच्याजवळ काही उरत नाही. हैदराबादच्या झोपडपट्टीत तिला घाण वास सोसत नाही, स्वयंपाक येत नाही, घरची आठवण येऊन रडू फुटतं. यात तिला ‘कमजोर’ केलं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. आडनावाचं कवच उतरल्यावर बाई कशी दिसते, ते मराठी सिनेमानं इतक्या सावकाशीनं क्वचितच दाखवलं असेल. पुढे ती कारखान्यात नोकरी धरते, चार पैसे कमावते, दोन शब्द तिथली भाषा शिकते. बुलेटवरच्या आर्चीपेक्षा मला ही आर्ची जास्त धीट वाटते, पण तिची छायाचित्रं कुणी मोबाईलवर लावत नाही.

माझी तक्रार आहे ती वेगळ्या जागी. आर्ची नोकरीवरच्या माणसाशी बोलते म्हणून परश्या संशय घेतो, तिला मारतो. ती निघून जाते, गाडीत बसते आणि परत येते. नंतर दोघं रजिस्टर लग्न करतात, मूल होतं, घर उभं राहतं. त्या हात उचलण्याचं काय झालं? सिनेमा त्यावर पुन्हा बोलत नाही. वाड्यातल्या पुरुषांची हिंसा इतकी अचूक टिपणाऱ्या लेखक-दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी प्रियकराच्या हिंसेला मात्र पश्चात्तापाच्या पोटात घालून टाकलं. आता नीट ऐका, हा दोष आर्चीचा नाही. परत येणाऱ्या मुली खऱ्याच असतात आणि परत येण्याची त्यांची कारणंही असतात. दोष लिहिणाऱ्याचा आहे, कारण ती कारणं त्यानं आपल्याला ऐकू दिली नाहीत.

एवढं एक वाक्य नीट बोलायला आपल्याला इतकी वर्षं का लागावीत? १९८२ साली जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’नं जवळजवळ तिथवर आणून सोडलं होतं. स्मिता पाटीलची सुलभा महाजन महिलाश्रमाची नोकरी धरते, घरी परतते तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आणि मुलगी दुरावलेली, मग ती पुन्हा बाहेर पडते. चर्चा कशाची झाली? लेकीला टाकून गेली याची. नवऱ्याची भूमिका गिरीश कार्नाडांनी इतकी सभ्यपणे केली होती, की त्याच्यावर राग धरणंही प्रेक्षकांना जड गेलं. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला पवनारला विनोबा गेले. लग्न नाकारून जगणाऱ्या बहिणी आश्रमात होत्या, लग्नातून बाहेर पडलेली सुलभा पडद्यावर होती, पण प्रेमही करायचं आणि मानही राखायचा अशी तिसरी वाट दोन्हीकडे नव्हती. ती आर्चीनं मागितली, म्हणून मुलींचा तिच्यावर जीव आहे. त्या भक्तीला भाबडी म्हणून हसणाऱ्यांना ही मागणीच दिसलेली नसते.

ही मागणी दिसली नाही की काय होतं, याचा पुरावाच २०१८च्या ‘धडक’नं दिला. हिंदीत आर्चीची पार्थवी झाली आणि शेवट बदलला: नायक आणि मूल मरतं, ती वाचते. बाई जिवंत राहिली म्हणून तो शेवट पुढारलेला ठरत नाही. ती तिथे फक्त किंचाळायला उरते. ‘सैराट’मध्ये मारेकऱ्यांना दोघांचाही जीव घ्यावा लागला, कारण निवड दोघांची होती, आणि जातीच्या लेखी तिचा गुन्हा त्याच्याएवढाच मोठा होता.

तेव्हा आर्चीवर बोलू पाहणाऱ्या मॅडमना एक विनंती. वर्गात पहिलं वाक्य ‘आर्चीनं’ असं सुरू करू नका, ‘मंजुळेंनी’ असं करा. बघा, समोरची मुलगी ऐकायला लागते की नाही. आणि आर्चीसाठी भांडणाऱ्या मुलींनो, तुम्ही ताराबाई शिंद्यांचं ते लहानसं पुस्तक मिळवून वाचा. भांडायचं कसं, हे बुलढाण्याच्या त्या बाईइतकं चांगलं अजून कुणी शिकवलेलं नाही.