मलंगगडाची वहिवाट

कल्याणच्या दक्षिणेला, अंबरनाथ तालुक्यात मलंगगड उभा आहे. कोपर-डोंबिवलीपासून तो फार दूर नाही. गडाच्या खालच्या माचीवर एक समाधिस्थान आहे. मुसलमान त्याला हाजी मलंग यांचा दर्गा म्हणतात; हे सूफी साधू येमेनहून आले, अशी परंपरा आहे. हिंदू त्याच ठिकाणी मच्छिंद्रनाथांची समाधी मानतात. शांततेसाठी श्रद्धा एक व्हावी लागते का, हा प्रश्न या माचीवर पुस्तकाबाहेर येऊन उभा राहतो.

1780 साली इंग्रजांनी हा गड घेण्यासाठी लढाई केली. 1782च्या सालबाईच्या तहानंतर इंग्रज गेले, तेव्हा पेशव्यांच्या वतीने कल्याणचे ब्राह्मण काशिनाथपंत केतकर यांनी दर्ग्याला मानाची चादर वाहिली आणि पडीक झालेल्या वास्तूची दुरुस्ती केली. पुढे व्यवस्था कोणाकडे असावी, यावरून 1817च्या सुमारास तंटा झाला. जुन्या ठाणे गॅझेटियरात नोंद आहे की तो तीनदा चिठ्ठ्या टाकून सोडवला गेला आणि तिन्ही वेळा कौल काशिनाथपंतांच्या प्रतिनिधीच्या बाजूने पडला. तेव्हापासून पिराची व्यवस्था ब्राह्मण घराण्याकडे राहिली. हे अपूर्व म्हणावे. कौल दोन्ही बाजूंनी मानला, हे महत्त्वाचे; समाधी कोणाची, हे त्या चिठ्ठ्यांनी ठरवले नाही, आणि ठरवायची गरजही पडली नाही.

व्यवस्थेचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1950च्या दशकाच्या प्रारंभी न्यायालयाने हे स्थान संमिश्र असल्याचे म्हटले. त्याला निव्वळ हिंदू किंवा निव्वळ मुस्लिम कायदा लावता येणार नाही; तिथली खास वहिवाट किंवा विश्वस्त संस्थांचा सर्वसाधारण कायदा लागू होईल, असा त्या निकालाचा आशय होता. कायद्यानेही इथे प्रथेपुढे मान तुकवली.

असे होऊ शकले, कारण नाथ आणि सूफी हे महाराष्ट्रात एकमेकांना परके नव्हते. ‘मलंग’ म्हणजे घरदार सोडून फिरणारा फकीर. नाथजोगीही तसाच फिरस्ता. दोघांकडे गुरूची दीक्षा, दोघांच्या समाधीला जातपात न पाहता येणारी माणसे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या मढीला कानिफनाथांची समाधी आहे आणि तिथेही पिराचे नाव घेतले जाते. श्रीगोंद्याचे शेख महंमद ‘योगसंग्राम’ लिहितात आणि वारकरी परंपरा त्यांना संत मानते. संशोधक रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ हा ग्रंथ लिहिला, तो याच परंपरेच्या अभ्यासातून.

1980च्या दशकात मात्र ठाण्याचे शिवसेना नेते आनंद दिघे यांनी हे मच्छिंद्रनाथांचेच स्थान आहे, या मागणीसाठी आंदोलन उभारले. तेव्हापासून माघी पौर्णिमेला गडावर मोठा पोलीस बंदोबस्त असतो. दोन्ही बाजूंची श्रद्धा खरी आहे, म्हणूनच वादाची धार तीव्र आहे. परंतु इतिहासाने एकच उत्तर दिलेच पाहिजे, हा आग्रह या स्थानाच्या स्वभावाला धरून नाही. पिढ्यान्‌पिढ्या इथे दोन उत्तरे एकाच पायऱ्यांनी वर चढत आली आहेत. आजही उरुसाच्या दिवसांत चादर घेऊन येणारे आणि नारळ घेऊन येणारे तोच डोंगर चढतात, आणि वाटेत त्याच दुकानांवर पाणी पितात.