वलीम्याचा हिशेब





परभणी जिल्ह्यात सोयाबीन-कापसाचा पैसा हाती आला की घराघरांत निकाहाच्या तारखा ठरू लागतात. जिंतूर असो, पाथरी असो की गंगाखेड, तारीख ठरताच मुलाच्या घरी वलीम्याची बोलणी सुरू होतात. आणि पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: हॉल कोणता, गोल मेज किती, खुर्च्यांना कव्हरे कोणत्या रंगाची आणि पदार्थ किती? केटरर आपला दर सांगतो, मांडववाला आपला. कागदावर आकडा वाढत जातो आणि घरातील कर्त्या माणसाचा चेहरा उतरत जातो.

या प्रश्नांत काही पाप आहे असे नाही. पाहुणा आला म्हणजे त्याला बसायला जागा आणि खायला सुग्रास अन्न हवेच. परंतु या प्रश्नांच्या आधी एक प्रश्न आहे आणि तो आपण विसरतो: हे जेवण कोणासाठी आहे?

वलीमा ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची सुन्नत आहे. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी मदीनेत निकाह केल्याचे कळताच प्रेषितांनी (स.) त्यांना बरकतीची दुआ दिली आणि एका बकरीचा का होईना, वलीमा करा असे सांगितले. स्वतः प्रेषितांचे (स.) वलीमे कसे होते, हेही हदीसग्रंथांनी जपून ठेवले आहे. हजरत जैनब (रजि.) यांच्याशी झालेल्या निकाहाच्या वेळी भाकरी आणि मांस होते. खैबरहून परतताना हजरत सफिय्या (रजि.) यांच्याशी झालेल्या निकाहाच्या वलीम्यात ना भाकरी होती, ना मांस. चामड्याचे दस्तरख्वान अंथरले गेले आणि त्यावर खजूर, सुकवलेले दही व तूप ठेवण्यात आले. एका पत्नीच्या वलीम्यात तर केवळ दोन मुद, म्हणजे जेमतेम दोन ओंजळी सातू होते.

वाचकहो, या तीन वलीम्यांकडे नीट पाहा. जेव्हा होते तेव्हा मांस वाढले, नव्हते तेव्हा खजूर वाढले. कोणत्याही वेळी ऐपतीबाहेरचे काही आणले नाही, आणि साधेपणामुळे वलीम्याची प्रतिष्ठा कणभरही कमी झाली नाही.

आता एक पाहिलेला प्रसंग सांगतो. आपल्याच जिल्ह्यातील एका खेड्यात काही वर्षांपूर्वी एका वलीम्याला मी उपस्थित होतो. शामियाना भव्य होता, मेजांवर पांढरीशुभ्र कापडे होती. बिर्याणी, दोन प्रकारचे सालन, डबल का मीठा, सर्व काही होते. उन्हाळ्याचे दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवाच्या मागे उरलेल्या अन्नाचा ढीग आंबून पडला होता. तेवढ्यात एक बाई दाराशी आली. आदले दोन दिवस तिने त्याच घरासाठी तांदूळ निवडले होते, कांदे चिरले होते. तिने हळूच विचारले, “भाभी, खाना कुछ बच्या क्या?” तिला दावतीचे निमंत्रण नव्हते. ते देण्याचे कोणाच्या लक्षातच आले नव्हते.

ज्या वलीम्यात श्रीमंतांना बोलावले जाते आणि गरिबांना वगळले जाते, ते जेवण सर्वांत वाईट ठरवले गेले आहे. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. त्या सकाळी मला तिचा अर्थ कळला. त्या घरात मेज कमी पडले नव्हते, अन्न कमी पडले नव्हते. यादीत एक नाव कमी पडले होते.

म्हणून वलीम्याची तयारी मेजांपासून नव्हे, माणसांच्या यादीपासून सुरू करावी. त्या यादीत सर्वप्रथम घरी राबणारे हात, गल्लीतील विधवा व अनाथ, गरीब नातलग आणि शेजारी लिहावेत. शेजाऱ्याचा हक्क धर्म पाहून ठरत नाही. आपल्या गावांत माळकरी शेजारीही आहेत. त्यांच्यासाठी शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीने व्हावा, म्हणजे त्यांना निःसंकोच जेवता येईल. ही सर्व नावे लिहून झाल्यावरच ज्यांच्यावर छाप पाडायची आहे त्यांचा विचार करावा. बहुधा तोवर छाप पाडण्याची गरजच उरत नाही.

यादी पक्की झाली की हिशेब सोपा होतो. बावर्ची साधारणतः एक किलो तांदळात आठ ते दहा माणसे धरतो. म्हणजे 600 पाहुण्यांना 60 ते 75 किलो तांदूळ पुरतो. बिर्याणी परवडत नसेल तर आपला बगारा खाना आणि दालचा काय कमी आहे? 600 माणसांसाठी 600 खुर्च्या लागतात असेही नाही. तीन पंगती केल्या तर 200 जणांची जागा पुरे. आठ खुर्च्यांचे 25 मेज झाले. हजरत जैनब (रजि.) यांच्या वलीम्यातही लोक गटागटाने आले, जेवले आणि पुढच्यांसाठी जागा मोकळी करून गेले. त्या दिवशी काही जण गप्पा मारीत बसून राहिले, तेव्हा दिव्य कुरआनने (सूरह अल्-अहजाब, आयत 53) जेवण उरकल्यावर उठून जाण्याची शिकवण दिली. तेव्हा पाहुण्यांनीही आपले कर्तव्य ओळखावे.

प्रेषित (स.) जमिनीवर अंथरलेल्या दस्तरख्वानावर जेवत असत, हे हजरत अनस (रजि.) यांनी सांगितले आहे. याचा अर्थ मेज निषिद्ध आहे असा नव्हे. वृद्धांसाठी व गुडघे दुखणाऱ्यांसाठी मेज-खुर्च्या मागवाव्यात. तरुणांनी सतरंजीवर दस्तरख्वान अंथरून बसावे. भाड्याचा खर्च तेवढाच कमी होईल, आणि एका ताटाभोवती बसल्याने मने जवळ येतील ते वेगळेच.

केटरर व मांडववाल्याशी ठरलेले सर्व लिहून घ्यावे: माणसांची संख्या, दर, बयाणा, बाकी रक्कम केव्हा द्यायची. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा सूरह अल्-बकराच्या 282 व्या आयतीत आहे. भाड्याने आणलेली भांडी ही अमानत आहे. मोजून घ्यावीत, मोजून परत करावीत, फुटले त्याची भरपाई विनातक्रार द्यावी. वाढप्यांची आणि भांडी घासणाऱ्यांची मजुरी घाम वाळण्यापूर्वी चुकती व्हावी. थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर आपल्या राज्यात 2018 पासून बंदी आहे. तो नियम पाळावा. शेवटची पंगत उठताच उरलेले स्वच्छ अन्न त्याच वेळी मदरशात, किंवा सरकारी दवाखान्याबाहेर बसलेल्या रुग्णांच्या नातलगांना पोहोचवावे. हे काम दोन तरुणांवर आधीच सोपवून ठेवावे, कारण आमच्या मराठवाड्याचे ऊन सकाळची वाट पाहत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे. वलीमा वराच्या बाजूने असतो. त्याचा खर्च आडून-आडून मुलीच्या वडिलांकडून वसूल करणे हा जुलूम आहे. आणि या दावतीसाठी व्याजाने कर्ज काढणे तर त्याहून भयंकर. ज्या व्याजाविरुद्ध अल्लाह आणि त्याच्या प्रेषितांनी (स.) युद्धाची घोषणा केली, त्याच व्याजाच्या पैशाने प्रेषितांची (स.) सुन्नत साजरी करायची? नवी सून घरात पाऊल टाकते आणि तिच्या मागोमाग सावकाराचा माणूस येतो. पाहुणे बिर्याणीची चव आठ दिवसांत विसरतात. हप्ता मात्र ते दांपत्य वर्षानुवर्षे फेडत राहते. एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, आणि दावतीचा तो रंगीत शामियाना शेतावर सावली धरून बसतो.

दिव्य कुरआनने (सूरह अल्-आराफ, आयत 31) खाण्यापिण्याची मोकळीक दिली आणि त्याच आयतीत मर्यादा ओलांडण्यास मनाई केली. आनंद करा, पण हिशेबाने. हा हिशेब केटररच्या कागदावर एकदा होतो. दुसऱ्यांदा तो त्या दरबारात होईल, जिथे आपले धन कसे कमावले आणि कोठे खर्च केले, असे विचारले जाणार आहे.

तुमच्या घरी लवकरच निकाह असेल तर आज रात्री इशाच्या नमाजनंतर घरच्यांसह बसा, कोरा कागद घ्या आणि त्यावर पहिले नाव त्या व्यक्तीचे लिहा जिला कोणीच बोलावत नाही.

अल्लाह आपल्या मुला-मुलींच्या संसारात बरकत देवो, आपल्या दावतींना दिखाव्यापासून आणि आपल्या घरांना व्याजापासून वाचवो. आमीन.