तालुक्याचा बातमीदार

६ फेब्रुवारी २०२३ च्या सकाळी ‘महानगरी टाइम्स’मध्ये कोकणातल्या राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांची एक बातमी आली. बारसूच्या नियोजित रिफायनरीचं समर्थन करणारा, गुन्हे दाखल असलेला एक जमीन व्यावसायिक पंतप्रधान, मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री यांच्यासोबत फलकावर झळकला होता. बातमी त्या फलकाची होती. त्याच दुपारी राजापूरच्या एका पेट्रोल पंपाजवळ वारिशेंच्या दुचाकीवर मोटार घालून त्यांना फरफटत नेण्यात आलं. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. मोटार त्याच व्यावसायिकाने घातली, असा आरोप आहे. पोलिसांनी आधी सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं होतं. राज्यभरातल्या पत्रकारांनी आवाज उठवला, तेव्हा खुनाचं कलम आलं आणि विशेष तपास पथकही नेमलं गेलं.

मुंबई-पुण्यातल्या किती वाचकांना वारिशे हे नाव त्याआधी माहीत होतं? पर्यावरणाची बातमी मुळात कुठे जन्माला येते, हेच आपण विसरलो आहोत. ती दिल्लीच्या मंत्रालयात जन्माला येत नाही, वाहिनीच्या चर्चेत तर नाहीच नाही. ती तलाठी कार्यालयात जन्माला येते, जेव्हा सातबाऱ्यावरची नावं बदलू लागतात. ती चहाच्या टपरीवर येते, जेव्हा बाहेरगावच्या नंबरप्लेटच्या गाड्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, फिरू लागतात. हे पहिल्यांदा दिसतं तालुक्याच्या बातमीदाराला. त्याने ते लिहिलं तर पुढच्या साऱ्यांना धागा मिळतो. नाही लिहिलं, तर आपल्याला थेट लाठ्या आणि अश्रुधूर दिसतो.

बारसूचं तसंच झालं. वर्षाला ६ कोटी टन क्षमतेची, सुमारे ३ लाख कोटी रुपयांची ही रिफायनरी आधी नाणारला येणार होती. लोकांचा विरोध तीव्र झाला आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर तिथली भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. जानेवारी २०२२ मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून बारसूची जागा सुचवली. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणासाठी यंत्रं आली, भर उन्हात बाया-बापड्या सड्यावर आडव्या झाल्या आणि वाहिन्यांचे कॅमेरे तेव्हा कोकणात उतरले. चार दिवस गाजावाजा झाला, मग कॅमेरे परत गेले. त्या चार दिवसांत ‘विकास हवा की नको’ एवढंच विचारलं गेलं. सड्याबद्दल बोलायला कुणाला सवड नव्हती. सरकारी कागदांत ज्याला सर्रास पडीक म्हणतात, तो जांभ्याचा सडा पावसाचं पाणी मुरवून खालच्या वाड्यांच्या विहिरींना पोहोचवतो, पावसाळ्यात रानफुलांनी भरतो, गुरांना चारा देतो. बारसूच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत आणि कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. एवढं सांगायला चार दिवस पुरत नाहीत. त्यासाठी वर्षानुवर्षं तिथे राहणारा माणूस लागतो.

आणि या माणसाला आपण कसं ठेवलं आहे? बहुतेक तालुका वार्ताहरांना पगार नसतो. बातमीमागे तुटपुंजं मानधन किंवा तेही नाही. खरी मिळकत जाहिरातींच्या कमिशनवर. वर्धापनदिन आला, दिवाळी आली की वृत्तपत्राकडून त्याला जाहिरातींचं लक्ष्य येतं. तालुक्यात जाहिरात देऊ शकणारे असतात तरी कोण? खाणवाले, वाळूचे ठेकेदार, बिल्डर, कारखान्याचे संचालक, पुढारी. ज्यांच्याविषयी लिहायचं, त्यांच्याच दारात पावतीपुस्तक घेऊन उभं राहायचं. इतक्या बंधनातूनही जो लिहितो, त्याचं मोल मला राजधानीतल्या कोणत्याही निर्भीड संपादकाहून जास्त वाटतं. 

अशांच्या संरक्षणासाठी पत्रकारांवरील हल्ले रोखणारा कायदा महाराष्ट्राने २०१७ मध्ये केला. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. पण हा कायदा हल्ला झाल्यावर कामाला येतो. धमकी येते त्या रात्री बातमीदार एकटाच असतो. मध्य प्रदेशात भिंडचे पत्रकार संदीप शर्मा यांनी जिवाला धोका असल्याचं लेखी कळवलं होतं. वाळूमाफिया आणि पोलिसांचं साटंलोटं त्यांनी दाखवलं होतं. मार्च २०१८ मध्ये ट्रकने त्यांना चिरडलं. छत्तीसगडमध्ये बिजापूरच्या मुकेश चंद्राकर यांनी ‘बस्तर जंक्शन’ हे यूट्यूब चॅनेल चालवलं, रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार पुढे आणण्यात त्यांचा वाटा होता. ३ जानेवारी २०२५ रोजी त्यांचा मृतदेह त्या रस्त्याच्या ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये सापडला. युनेस्कोने २०२४ मध्ये जगभरचा हिशेब मांडला: १५ वर्षांत पर्यावरणाचे विषय हाताळणाऱ्या ४४ पत्रकारांच्या हत्या, आणि शिक्षा फक्त पाच प्रकरणांत.

मोठ्या माध्यमांनी सोडलेली जागा काही स्वतंत्र संस्थांनी धरून ठेवली आहे. पी. साईनाथांनी २०१४ मध्ये सुरू केलेली ‘पारी’ गावाकडच्या गोष्टी मराठीतही देते. ‘रिपोर्टर्स कलेक्टिव्ह’ने कोळसा खाणींचे लिलाव आणि वनकायद्यातले बदल कागदपत्रांसह उघड केले, जानेवारी २०२५ मध्ये प्राप्तिकर खात्याने तिचा ना-नफा दर्जा काढून घेतला. पण यातलं बरंच काम इंग्रजीत होतं आणि ज्याची जमीन जाते तो ते वाचत नाही. सरकारचंही तेच. २०२० मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा हिंदी-इंग्रजीत काढून देशभरातून हरकती मागवल्या गेल्या. तो आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, तर केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. जनसुनावणीची नोटीस प्रादेशिक वृत्तपत्रात तीस दिवस आधी छापावी लागते, हा नियम आहे. ती नोटीस उलगडून सांगणारा बातमीदार तालुक्यात नसेल, तर ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात पडून राहते आणि मुदत संपते.

स्वतंत्र माध्यम म्हणजे ज्याचा पगार वाचक देतो ते. दुसरी व्याख्या मला सुचत नाही. तेव्हा वाचकहो, यंदाच्या दिवाळीत एवढं करा: तुमच्या गावाकडून, तुमच्या भाषेत, पाणी, जमीन, जंगल यांवर सातत्याने लिहिणारं एक साप्ताहिक, एक संकेतस्थळ किंवा एक चॅनेल शोधा आणि त्याची वर्षाची वर्गणी भरा. तिथल्या बातमीदाराला धमकी आल्याचं कळलं, तर त्याच दिवशी पोलीस अधीक्षकांना पत्र लिहा आणि त्या पत्रावर गावातल्या आणखी दहा जणांच्या सह्या घ्या.