शिजवलेले पाणी

इटलीतील तोस्काना प्रांताच्या दक्षिणेस, समुद्रालगत, मारेम्मा नावाचा प्रदेश आहे. तेथील एका साध्या खाद्यपदार्थाला ‘आक्वाकोत्ता’ म्हणतात. शब्दशः अर्थ, शिजवलेले पाणी. कांदा आणि सेलरीचे देठ ऑलिव्हच्या तेलात मंद आचेवर मऊ होऊ द्यायचे, रानातला पाला घालायचा, पाणी ओतून उकळी आणायची आणि शिळ्या पावाच्या कापांवर हा रस वाढायचा. टोमॅटो त्यात फार उशिरा आला. तो मुळात अमेरिका खंडातला. जमल्यास वरून अंडे फोडायचे, मेंढीच्या दुधाचे चीज किसायचे. लाकडे जाळून कोळसा पाडणारे, गुराखी आणि मेंढपाळ यांचे हे जेवण होते.

आज याच पदार्थाची ‘साधेपणा’ म्हणून वाखाणणी होते. प्रश्न असा की, दुसऱ्याच्या नाइलाजातून जन्मलेल्या चवीचा आस्वाद आपण कोणत्या अधिकाराने घेतो?

प्रश्न पोकळ नाही, कारण मारेम्माचा इतिहास साधेपणाचा नव्हे, हिवतापाचा आहे. दान्तेच्या महाकाव्यातील पिया ही स्त्री आपल्या मृत्यूचे ठिकाण म्हणून या प्रदेशाचे नाव घेते. लिओपोल्ड दुसरा या ग्रँड ड्यूकने १८२८ मध्ये दलदल हटविण्याचे मोठे काम सुरू केले, तरी हिवतापाचे उच्चाटन व्हायला दुसऱ्या महायुद्धानंतरची डीडीटीची फवारणी यावी लागली. १८९७ पर्यंत तर उन्हाळा आला की ग्रोसेतो शहरातील सरकारी कचेऱ्या डोंगरावरील स्कान्सानो गावी हलविल्या जात. कारकून वर जात. नेमक्या त्याच दिवसांत कापणीचे मजूर डोंगरातून खाली उतरत. ‘शिजवलेले पाणी’ ज्यांच्या वाट्याला आले ते हे दुसरे लोक. अशा पदार्थाला निव्वळ ‘अकृत्रिम’ म्हणून गौरविणे म्हणजे ताप वगळून त्या प्रदेशाचे वर्णन करणे होय.

पेल्लेग्रीनो आर्तूझी यांनी १८९१ मध्ये फ्लॉरेन्स येथे स्वखर्चाने प्रसिद्ध केलेल्या पाकग्रंथात याच कुळातले एक तोस्कानी ‘शेतकरी’ सूप आहे. हे सूप विनयाने स्वतःला शेतकरी म्हणवून घेत असले तरी नीट केल्यास बड्या लोकांनाही रुचेल, अशा आशयाची मिस्कील टिप्पणी ते करतात. टिप्पणीत आपुलकी आहे. पण विनय सुपाचा कसा असेल? शेतकऱ्याला ते नाव निवडण्याची मोकळीक नव्हती. स्वेच्छेने पत्करलेले दारिद्र्य आणि लादलेले दारिद्र्य यांतले अंतर येथे एका विशेषणात बुजून जाते. संन्याशाची मूठभर भिक्षा आणि मजुराचे मूठभर अन्न वजनाने सारखे असले तरी त्यांचे नैतिक मूल्य एक नव्हे.

तथापि याच्या उलट टोकाची भूमिकाही मला तितकीच सदोष वाटते. हे केवळ भुकेचे अन्न, त्यात रुचीचा संबंधच नाही, असे करुणेने म्हणणारा वाचक त्या माणसाकडून आणखी एक गोष्ट हिरावून घेतो: त्याची निवड. कांदा घाईने करपू न देता सावकाश परतणे, कडवट पाला किती घालावा हे ठरविणे, पाव भिजावा पण त्याचा लगदा होऊ नये इतकाच रस ओतणे, हे सारे रसिकतेचे निर्णय आहेत. पोट भरण्यासाठी त्यांची गरज नव्हती. सौंदर्यविचारात आपण बहुधा असे गृहीत धरतो की गरज भागल्यावरच रुची सुरू होते. हे गृहीतक सुखवस्तू माणसाचे आहे.

मराठी वाचकाला हा पेच अपरिचित नाही. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद करताना पाककृती आणि जातिव्यवस्था यांची फारकत होऊ दिली नाही. चव सांगितली आणि ती चव कोणत्या बहिष्कारातून घडली, तेही सांगितले. पुस्तकाचे शीर्षकच एका रूढ श्लोकवचनाला हटकते. अशा लेखनापुढे कीव करणारा आणि कौतुक करणारा, दोघेही थोडे अवघडतात, आणि तसे व्हायला हवे.

‘आक्वाकोत्ता’ या नावात पाव नाही, कांदा नाही. केवळ पाणी आणि विस्तव आहे. त्यात तक्रार आहे की थट्टा, हे सांगणे कठीण. मला त्यात दोन्ही ऐकू येतात. आजच्या पाककृतींत मात्र ‘माणशी एक अंडे’ असे सहज छापलेले असते. पाच माणसांच्या घरात दोनच अंडी असतील तर ती कोणाच्या ताटात पडत, कामावर जाणाऱ्याच्या, आजाऱ्याच्या की लहान मुलाच्या, आणि वाढणारी स्त्री स्वतः काय खात असे, हे त्या प्रमाणात कुठेच येत नाही.